नीटनेटकी जोडणी

गुरुवार, ९ मार्च २०२३ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या सूनबाईचा संगणक सातव्यांदा बंद पडला.

सूनबाई वास्तुरचनाकार. नोकरी सोडल्यावर स्वतःच्या नावावर मिळवलेले तिचे हे पहिलेच काम : एका रुग्णालयातील मुलांच्या नव्या विभागाची दोन मिनिटांची चित्रफीत. संगणकाने तीन हजार सहाशे चित्रे एकामागून एक तयार करायची, त्याला तीन तास लागणार, आणि दुपारी चार वाजता ती विश्वस्तांना दाखवायची. चारची वेळ चुकली, की काम दुसऱ्याकडे. म्हणूनच आदल्या दिवशी जुने ग्राफिक्स कार्ड काढून नवे दणकट कार्ड बसवले होते. बसवले अर्थात मी. तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे विद्युत प्रयोगशाळा सांभाळलेला सासरा घरात असताना दुकानातल्या माणसाला बोलावणे मला कमीपणाचे वाटले.

पत्रे लिहा, नकाशे उघडा, संगणक तक्रार करीत नसे. चित्रफितीचे काम सुरू केले, की कार्डाचे पंखे घोंघावत आणि मिनिटभरात पडदा काळा होई. सूनबाईच्या मते नवे कार्डच सदोष होते. जुने परत बसवावे, असे तिने सुचवले. पण जुन्या कार्डाला हेच काम करायला नऊ तास लागले असते.

मी वही उघडली. पॉवर सप्लायची क्षमता साडेसातशे वॉट. कार्ड, प्रोसेसर आणि इतर भागांची गरज पाचशे वीस. बेरीज दोनदा तपासून मी जाहीर केले, की संगणक बंद पडण्याचे काही कारण नाही.

"कागदावर तो बंद पडतच नाहीये," आमची ही सोफ्यावरून म्हणाली.

हिने एकतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली आहेत. माझ्या वहीविषयी तिला फारसा आदर नाही. मी तिकडे दुर्लक्ष करून मल्टिमीटर लावला. हवे बारा, मिळाले बारा पूर्णांक एक व्होल्ट. पॉवर सप्लाय ठणठणीत आहे, असा निर्वाळा दिला. सूनबाईने काम सुरू केले आणि संगणक आठव्यांदा बंद पडला. तिने घड्याळाकडे पाहिले. साडेदहा वाजले होते.

"अहो," ही शांतपणे म्हणाली, "धावल्यावर धाप लागते म्हणणाऱ्या माणसाची नाडी तुम्ही त्याला निजवून बघताय."

विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना मी हेच शिकवले होते : मोजमाप भारावर घ्यावे. मी चष्मा पुसण्यात थोडा जास्तच वेळ घालवला.

आता काम चालू असतानाच मोजायचे ठरले. सूनबाई कळफलकापाशी बसली, हिने विजेरी धरली. डिस्कच्या जोडणीवर बारा पूर्ण. म्हणजे पॉवर सप्लाय खरोखर निर्दोष. कार्डाच्या जोडणीवर मात्र काटेकोरपणे मोजून अकरा पूर्णांक तीन, आणि लगेच अंधार. नववी वेळ. पण आता चोर सापडला होता : वीज निघत होती पुरेशी, वाटेत कुठेतरी गळत होती. मी कार्डाच्या केबलला हात लावला. ती चांगलीच गरम होती.

कार्डावर वीज घेण्याच्या जागा दोन. पॉवर सप्लायमधून त्यांच्यासाठी केबलीही दोन. पण पहिल्या केबलच्या टोकाशी दोन तोंडे असल्याने मी ती दोन्ही जागी बसवली होती, आणि दुसरी केबल मेण लावलेल्या दोऱ्याने सुरेख बांधून संगणकाच्या पेटीत मागे दडवली होती. दोघींचा भार पहिली एकटी वाहत होती.

"बाबा, काल मी विचारलं होतं," सूनबाई अगदी हळू आवाजात म्हणाली. "ही दुसरी कशाला ठेवलीय म्हणून. तुम्ही म्हणालात, दोन लोंबल्या की गबाळं दिसतं."

हे मी म्हणालो होतो. हिने विजेरी माझ्या तोंडावर धरली. अकरा गाठी होत्या, आणि माझ्या हातच्या गाठी सहजी सुटत नाहीत. शेवटी हिनेच शिवणाच्या डब्यातून कात्री आणली. दोन्ही जागी स्वतंत्र केबल लागली. दिसायला गबाळी. भारावर अकरा पूर्णांक नऊ.

बारा वाजून पाच मिनिटांनी काम सुरू झाले. पहिली दोन मिनिटे कोणी जागचे हलले नाही. मग सूनबाईने पाय खुर्चीवर घेतले आणि विचारले, "बाबा, आता तरी चहा घेणार ना?"

तीन वाजून अकरा मिनिटांनी मी वहीत शेवटची नोंद केली : चित्रे तीन हजार सहाशेपैकी तीन हजार सहाशे.