एकच कवाड बंद

आत्याच्या महालाच्या मोठ्या दाराचं एकच कवाड बंद होतं, दुसरं उघडं. आम्हा सिसिलीकरांना याचा अर्थ विचारावा लागत नाही: घरात कोणीतरी गेलंय. त्या घरात माणसं दोनच, आत्या आणि बहिरी मोलकरीण अगातीना. मोलकरणीसाठी सरदार घराणी कवाड लावत नाहीत.

मी हातात बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. डब्याला गुलाबी फीत होती. आत्याच्या नावाच्या संताचा आज सण, आणि ते निमित्त साधून मी चार वर्षांनी माफी मागायला निघालो होतो. गावच्या साप्ताहिकात मी आमच्या रस्त्यावर एक विनोदी लेख लिहिला होता. भूकंपात जुनं गाव पडल्यावर सगळ्या सरदारांनी याच चढावर एकमेकांवर कुरघोडी करत महाल बांधले, आणि गॅलऱ्या पेलायला दगडी सिंह, घोडे आणि जीभ काढलेले राक्षस बसवले. आत्याच्या गॅलरीखालचा तिसरा राक्षस हुबेहूब आत्या आहे, असं मी त्यात लिहून गेलो. लेखाचं कौतुक झालं. आत्याने बोलणं टाकलं.

आता कुणालातरी विचारलं की झालं. पण काय विचारणार? माझी सख्खी आत्या वारली का हो? भाच्याला पत्ता नव्हता, ही बातमी या रस्त्यावर पसरायला पाच मिनिटं लागतात आणि विसरायला तीन पिढ्या. मी चढ चढू लागलो.

न्हावी मास्त्रो विटोने मला पाहून टोपी काढली. वीस वर्षांत त्याने माझ्यासाठी टोपी काढलेली नव्हती. मग त्याची नजर गुलाबी फितीवर गेली. मी काखेतलं वर्तमानपत्र डब्यावर धरलं.

वरच्या कोपऱ्यावर भिंतीवर मृत्यूच्या सूचना चिकटवतात. तिथे एक निवृत्त स्टेशनमास्तर होते आणि गाद्यांचा सेल होता. आत्या नव्हती. मला हायसं वाटलं, पण आठव्या पावलापर्यंतच. आत्याचे किताबच आठ ओळींचे. तिची सूचना छापायला छापखान्याला संध्याकाळ होणार.

उतरताना औषधांच्या दुकानाचे डॉन लोरेटो येऊन हातात हात घालून चालू लागले. फार ताठ बाई होत्या, म्हणाले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांच्या बायकोने सकाळीच कोंबडीचा रस्सा पाठवला होता. मग हळूच विचारलं,

"शेवटची भेट झाली ना?"

"मनाने झाली," मी म्हणालो.

त्यांनी माझा दंड दाबला. मला माझी किळस आली. त्यांना वाटेला लावून मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. दर वेळी महालापाशी मान वर जायची. तिसरा राक्षस जीभ काढून होता. आज तो कुणासारखाच दिसत नव्हता.

चौथ्या फेरीनंतर पाय आपोआप आत वळले. जिना चढलो, दिवाणखान्याचं दार ढकललं. खिडकीच्या झडपांच्या फटीला डोळा लावून, मांडीवर रश्श्याचा वाडगा घेऊन आत्या बसली होती.

"चार फेऱ्या," ती मागे न बघता म्हणाली. "इप्पोलितो, खेचर विकत घेणारासुद्धा तीन फेऱ्यांत ठरवतो."

मी खुर्ची ओढली आणि सगळं विचारून घेतलं. सकाळी त्या कवाडाची बिजागरी निखळली होती, ते उघडत नव्हतं आणि सुतार सोमवारी येणार होता. अगातीनाने काही न ऐकता रश्श्याचं पातेलं घेतलं होतं. आता ते परत करणं बरं दिसलं नसतं, असं आत्याचं मत. रस्सा अळणी होता.

"आत्या, तो लेख..."

"तिसरा तुझ्या बापासारखा आहे," ती म्हणाली. "मी पाचवी. चार वर्षं वाट बघतेय, चूक दुरुस्त करशील म्हणून."

तिने डब्याची फीत सोडली आणि एक मिठाई तोंडात टाकली. तेवढ्यात खाली घंटा वाजली. तिने फटीतून पाहिलं. नोटरीची बायको, हातात झाकलेली परात.

"जा, घेऊन ये. आणि तोंड पाडून जा," ती म्हणाली. "घरचा माणूस आहेस तू."

जिना उतरताना तोंड पाडायला मला फार कष्ट पडले.