दहापैकी नऊ

साबणाच्या बंद कारखान्यात एका वकिलाचं प्रेत सापडतं आणि पुढचे आठ भाग सगळी माणसं खिडकीतून बाहेर बघत बसतात. एवढीच ती मालिका. पण जगाने ती डोक्यावर घेतली होती. पेपरांतून कौतुक, बक्षिसांवर बक्षिसं, आणि मुलगी तर रोज फोनवर विचारायची, "आई, कितव्या भागापर्यंत आलात? रडलीस की नाही?" रडणं राहिलं बाजूला, या आईला जांभया आवरत नव्हत्या.

आणि प्रत्येक जांभईला ही घाबरायची.

दुसऱ्या कोणाला मालिका आवडली नाही तर तो नाक मुरडतो आणि दुसरं काहीतरी लावतो. हिला ते परवडणारं नव्हतं. हिची आई सिनेमाची वेडी होती. एक सिनेमा तीनदा बघून त्यातले संवाद पोळ्या लाटताना म्हणणारी बाई. ती साठीत एकाएकी प्रत्येक सिनेमाला म्हणायला लागली, "काही दम नाही यात." घरातले हसायचे, म्हणायचे, वय झालं, आवड बदलली. आवड कसली बदलते! तिला गोष्टच धरून ठेवता येत नव्हती. कोण कोणाचा भाऊ, आधी काय झालं, सगळं निसटत होतं, आणि ते सांगायची लाज वाटायची म्हणून ती सिनेमाला नावं ठेवायची. तीन वर्षांनी तिने पोटच्या मुलीला विचारलं, "आपण कोण?" अगदी अदबीने विचारलं. ती अदब हिला अजून विसरता आली नव्हती.

आता हिला एकोणसाठ पूर्ण झाली होती.

ही दातांच्या कवळ्या बनवायची. लहानशी लॅब, चार टेबलं, सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ आणि वितळलेल्या मेणाचा वास. डब्याच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली त्या मालिकेचं कौतुक करता करता घास विसरली. "ताई, काय काम केलंय त्या बाईने! नुसती खिडकीत उभी राहते आणि अंगावर काटा येतो."

"काही दम नाही त्यात," ही म्हणाली.

शब्द आईचे होते, आवाजही आईचाच वाटला. पॉलिशवालीने काहीतरी विचारलं, ते हिला ऐकूच आलं नाही. दुपारी वरच्या कवळीचे दात मेणात बसवताना तिने ते चार वेळा मोजले. चौदाच्या चौदा होते. पाचव्यांदा मोजायला लागली तेव्हा तिलाच स्वतःची भीती वाटली.

घरी येताना बसमध्ये ती मालिकेची गोष्ट मनातल्या मनात म्हणायची. वकिलाची विधवा, विधवेचा दीर, कारखान्याचा मुकादम. सगळं आठवायचं. पण त्याने धीर येत नव्हता, कारण सुरुवातीला आईलाही सगळं आठवायचंच.

त्यातून घरी नवरा. हा तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाल पेन घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, असं भाग्य किती जणांना लाभतं? मुलगी त्याला लाल पेनच म्हणायची. सिनेमा बघतानाही तो सुधरायचा नाही. "मघाशी कप उजव्या हातात होता, आता डाव्या हातात कसा?" या माणसाच्या शेजारी बसून कुठलीच गोष्ट नीट बघता यायची नाही, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी नियम केला. बघताना अवाक्षर काढायचं नाही. संपलं की दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर दहापैकी मार्क लिहायचे, एका ओळीत कारण लिहायचं आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मग हवं तेवढं भांडायचं. नवऱ्याने आयुष्यात कशालाही सहाच्या वर मार्क दिले नव्हते.

पण गेल्या सहा महिन्यांत, नोकरी सोडल्यापासून, माणूस निवळला होता. ज्याला त्याला नऊ! 'नऊ. उत्तम.' 'नऊ. अभिनय छान.' आधी तिला बरं वाटलं. मग या मालिकेलाही तो नऊच देत राहिला आणि तिचं धाबं दणाणलं. लाल पेनला ज्यात चूक सापडत नाही, ते आपल्याला रटाळ वाटतं, म्हणजे खोट आपल्यातच आहे. दुसऱ्या भागाला तिने खरे तीन मार्क दिले होते. तिसऱ्यापासून ती आठ द्यायला लागली. नवऱ्याला संशय येऊ नये एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी पाचवा भाग झाला. रविवारी दुपारी जेवणं उरकून दोघं पुन्हा बसली. तिने रिमोट दाबला. विधवा शर्टाला इस्त्री करत होती. आता फोन वाजेल आणि ही बया उचलणार नाही, असं तिच्या मनात आलं. फोन वाजला. विधवेने उचलला नाही. आता शर्ट जळेल. शर्ट जळला.

हा कालचाच भाग होता. तिनेच चुकून तो परत लावला होता.

तिचा जीव भांड्यात पडला. पुढचा दीर, त्याचं खोटं, मुकादमाची किल्ली, सगळं तिला जसंच्या तसं ठाऊक होतं. डोकं शाबूत होतं! मालिकाच टुकार होती! ती सोफ्यावर उडीच मारायची बाकी होती. हसत हसत ती नवऱ्याकडे वळली.

नवरा पुढे वाकून बघत होता. मुकादम दाराआडून निघाला तेव्हा तो दचकला.

चेष्टा करतोय, तिला वाटलं. अख्खा भाग मला परत बघायला लावणार आणि मग टोमणा मारणार. त्याची ती सवयच होती. ती वाट बघत बसली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तो एकदाही तिच्याकडे बघून हसला नाही. पण तिच्याने भाग बंद करवेना.

भाग संपला. नवऱ्याने चिठ्ठी लिहिली, उघडून टेबलावर ठेवली. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं.

'नऊ. कालच्या भागापेक्षा सरस.'

"अहो, चेष्टा करताय ना?"

"कसली चेष्टा?"

"हा भाग आपण काल पाहिलाय. चुकून परत लागला."

त्याने चिठ्ठी उचलली आणि चूक शोधावी तशी ती पुन्हा वाचली. "हो का? मला वाटलंच," तो म्हणाला. मग चिठ्ठी खाली ठेवली. "नाही गं. नाही वाटलं."

"कधीपासून असं होतंय?"

"छापखाना सोडायच्या आधीपासून. एका पुस्तकात पानापानावर चुका राहिल्या. मीच राहू दिल्या. तुला सांगितलं, डोळे दुखतात म्हणून सोडलं."

"आणि हे नऊ मार्क?"

"कमी दिले की तू विचारतेस, काय खटकलं. नऊ दिले की कोणी काही विचारत नाही."

मघाचा आपला आनंद आठवून तिला स्वतःची शिसारी आली. मी सुटले, असं वाटलं होतं तिला. याच्या शेजारी बसून वाटलं होतं.

"तुझ्या आईसारखं होईल का गं माझं?"

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "ठाऊक नाही," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी रजा टाकते."

"उद्या जाऊ. आत्ता मला ती गोष्ट सांग. मला पहिल्यापासूनच काही कळलेलं नाही."

तिने सांगायला घेतली. ओळीने सांगितली. विधवा, दीर, मुकादम, किल्ली, खिडक्या. तो मान डोलावत ऐकत होता. चौथ्या भागापर्यंत आल्यावर त्याने हात वर केला.

"एवढंच? अगं, हे तर अगदीच टुकार आहे!"

"आहेच मुळी!"

"आणि याला मी नऊ मार्क देत होतो?"

दोघं हसली. खूप दिवसांनी तिला आपला नवरा भेटल्यासारखं वाटलं. डोळे पुसत ती पाचव्या भागाकडे वळली. वकिलाचा शर्ट विधवेने कसा जाळला, ते सांगत होती.

"थांब जरा," तो म्हणाला. "हा वकील कोण?"

तो चेष्टा करत नव्हता. तिने त्याचा हात धरला आणि साबणाच्या कारखान्यापासून परत सांगायला सुरुवात केली.