पोरक्या कागदांना कातडं

ईरप्पा, मदी बोलू नको, न्हाय तर मी इसरतो. नागप्पा, तू बी सरक जवळ, भोंगा व्हायला अजून टाइम हाय. चनबसप्पा मास्तरांचं पेठेत लोकं काय बी सांगत्यात. कोन म्हनतं पळून गेले, कोन म्हनतं संन्यास घेतला. सगळं खोटं. मी तितंच हुतो की. खरं तर माज्यामुळंच झालं, माज्यामुळं आन माज्या बिरप्पामामामुळं.

तुमाला म्हाईत हाय, मी शुक्रवार पेठेत मास्तरांच्या खोलीभाईर ओसरीवर झोपतो. आत मास्तर आन त्यांचे कागद. चाळीस वर्सं मास्तरांनी शाळा केली आन चाळीस वर्सं कागद गोळा केले. कशाचे म्हनशील तर कशाचे बी. ग्रहांचे, मेंढरांच्या रोगांचे, पैलवानांच्या डावांचे, इहिरीला पानी कुटं लागंल त्याचे. माढ्याला कुनाच्या माळ्यावर चोपडी हाय असं कळलं की रजा टाकून निगाले. कुनाला नुसतं तोंडपाठ असलं तर त्याच्या म्होरं बसून उतरून घ्यायचे. मला म्हनायचे, "सिदू, माणूस जातो तो जातो, वर सगळं संगं घेऊन जातो. हे काही बरं नव्हं बघ."

आता झालं काय, मालकाला त्या खोलीत हातमाग बसवायचे हुते. अमुशेपतूर खोली मोकळी करा म्हनला. कोपऱ्यावरचा वानी दारात येऊन एक कागद चिमटीत धरून बगून गेला, पुड्या बांदायला बरा हाय म्हनला. मास्तर दोन दिस जेवले न्हाईत. मंग त्यांनी पुण्याच्या एका संशोधक मंडळाला पत्र घातलं. शनवारी उत्तर आलं. गुरुवारी आमचे तीन विद्वान येतील, पसंत पडलं तर सगळं नेतील, लोखंडी कपाटात ठेवतील. आन खाली एक वळ: ज्या कागदांना नाव न्हाय, वेष्टन न्हाय, ते बेवारस समजून घेतले जानार न्हाईत.

मास्तरांनी डोकंच धरलं. कारन वाळवी. वाळवीनं निम्म्या चोपड्यांचं आतलं खाल्लं हुतं आन नावाचे पुठ्ठे तसेच सोडले हुते. आन निम्म्यांचे पुठ्ठे खाऊन आतलं सोडलं हुतं. हिकडं नुसती नावं, तिकडं नुसते कागद.

त्यात सोमवारी अक्कलकोटास्नं सांगावा आला, मास्तरांची भैन हेमावती लई आजारी हाय. मास्तर निगाले. दारातनं म्हनले, "मी बुधवारी येतो आणि बघतो. नाही आलो, तर उघडं एक पान ठेवू नकोस सिदू. कसंही कर."

बुधवार आला, मास्तर न्हाईत. मी चौथी शिकलोय, पुठ्ठ्यावरची नावं मला वाचता येत्यात. पर आतलं सगळं मोडी. मला मोडी म्हंजे मुंग्यांची रांग. काय करनार? पळत बाळे गावाला गेलो. तितं बिरप्पामामाची मेंढरं रानात बसली हुती. मामाला सांगितलं. मामा तंबाकू मळत म्हनला, "म्हंजे कशी, पोरं मेलेल्या आया हायती, आन आया मेलेली पोरं हायती."

म्हनलं, व्हय, तसंच.

"मंग त्यात काय हाय येड्या? कातडं बांदायचं."

तुमी मिलमदलीच मानसं, तुमाला न्हाय म्हाईत. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं काढत्यात आन पोरक्या कोकराच्या पाटीवर बांदत्यात. मेंढी वास घेती. आपलाच वास आला की पाजती. मामाच्या हातनं अशी शंभर तरी कोकरं जगली असतील.

मामा खोलीत आला, घोंगडं हातरलं आन बसला. एक पुठ्ठा उचलायचा, नाकाला लावायचा. मंग कागदाची चळत उचलायची, नाकाला लावायची. जमलं की सुतळी. मी म्हनलं, मामा, ह्या पुठ्ठ्यावर ग्रह लिवलंय, तेवडं तर बगू.

"नाव बगून मेंढी पाजत न्हाय," मामा म्हनला. "तू सुतळी तोड."

बुधवारी दिस मावळायच्या आत दोनशे अठरा चोपड्या झाल्या. एक पान उघडं न्हाय. मामाला इतका आनंद झाला की त्यो कळपाकडं गेलाच न्हाय, भावाला निरोप धाडून हितंच ऱ्हायला. म्हनला, पाजत्यात का ते बगून जातो.

गुरुवारी सकाळी तिगं आले. एक ग्रहताऱ्यांचे शास्त्रीबुवा, एक वैद्यराज, आन एक बखरी वाचनारे रावसाहेब. मास्तर न्हाईत म्हनल्यावर रावसाहेब म्हनले, "हरकत नाही. कागद आहेत ना?" आन बसले की वाचायला.

शास्त्रीबुवांनी 'ग्रहगती' उचलली. मोठ्यानं वाचाय लागले. "पहिल्या दिवशी चाल मंदावते. दुसऱ्या दिवशी मागे मागे राहतो. तिसऱ्या दिवशी नाकातून पाणी गळते." थांबले. पुन्यांदा वाचलं. म्हनले, "शनी वक्री होतो, त्याचं वर्णन आहे. इतकं बारीक निरीक्षण मी आजवर पाहिलं नाही."

रावसाहेब म्हनले, "आणि नाकातून पाणी?"

"तेवढं प्रक्षिप्त आहे."

प्रक्षिप्त म्हंजे काय मला म्हाईत न्हाय, पर त्यो शबुद काढल्यावर बाकीच्या दोगांनी मान हालवली. मामा माज्या कानात म्हनला, "ह्ये तर आमच्या बकऱ्याला झालं हुतं."

वैद्यराजांच्या हातात 'ज्वरनिदान'. त्यात लिवलेलं, उजवा पाय आत घालावा, मान काखेत दाबावी, वरून वजन टाकावे, घाम फुटेपर्यंत सोडू नये. वैद्यराज म्हनले, घाम आला की ताप उतरतो, ह्यात चुकीचं काय हाय? मंग माजी नाडी बगितली. म्हनले, थोडी कणकण हाय. ईरप्पा, तुज्या गळ्याची शपत, मला एक बी कणकण नव्हती. पर त्यांनी मला सतरंजीवर आडवं केलं, मान काखेत घेतली आन वर बसले. मला घाम फुटला. "उतरला," वैद्यराज म्हनले, आन टिपून घेतलं.

रावसाहेबांच्याकडं 'सरदार घराण्याची हकिकत' हुती. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून डोळं पुसलं. शास्त्रीबुवांनी इचारलं, काय झालं?

"शंभर कैऱ्या उभ्या चिरल्या," रावसाहेब म्हनले. "मीठ लावून उन्हात टाकल्या. आठ दिवस. काय क्रूर काळ होता हो."

"कैऱ्या म्हणजे?"

"शत्रूकडची माणसं. सांकेतिक भाषा आहे."

दुपारपतूर त्यांनी ठरवून टाकलं, सगळं घ्यायचं. असा संग्रह महाराष्ट्रात न्हाय म्हनले. यादी लिवाय बसले, मी आन मामा पेट्या भराय लागलो. आन तेवड्यात मास्तर दारात. भैन बरी हाय म्हनले आन उंबऱ्यावरच थांबले, कारन रावसाहेब परत त्या कैऱ्या वाचत हुते.

मी मास्तरांकडं बगितलं. आदी त्यांचं तोंड फुललं, सगळं वाचलं म्हनून. मंग कैऱ्या ऐकल्या आन तोंड उतरलं. मी हळूच म्हनलं, मास्तर, गप ऱ्हावा. पेट्या जाऊ द्या. वानी वाट बगतोय.

मास्तर उंबरा वलांडून आत आले. मंग म्हनले, "रावसाहेब, ते लोणचं आहे."

"काय?"

"लोणचं. माझ्या आईनं सांगितलं, मी उतरून घेतलं. तिला लिहिता येत नव्हतं. ही सगळी जोडणी चुकली आहे."

रावसाहेब लई प्रेमानं म्हनले, "मास्तर, तुम्ही गोळा केलंत, मोठे उपकार आहेत. पण गोळा करणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. हे अक्षर दोनशे वर्षांपूर्वीचं आहे."

"अक्षर माझं आहे."

मास्तरांनी टाक मागितला आन तीच वळ शेजारी लिहून दावली. तिगं भिंग लावून बगत बसले. काडीचा फरक न्हाय. शेवटाला शास्त्रीबुवा म्हनले, "मग तुमचंच अक्षर दोनशे वर्षांपूर्वीचं आहे."

म्हनजे बगा आता. मास्तर म्हनले, पुठ्ठे काढा, मी एकएक ओळखून देतो, म्हयनाभर लागंल. रावसाहेब म्हनले, काढा की, पर पुठ्ठा निगाला की ते बेवारस, बेवारस आमी घेत न्हाय, गाडी पाचाची हाय. मास्तर खालीच बसले. पुठ्ठ्यासकट दिलं तर कागद जगत्यात, पर शंभर वर्सं लोकं लोनचं लढाई म्हनून वाचनार. आईच्या तोंडचं हुतं ते. न्हाय दिलं तर सोमवारच्या अमुशेला त्याच्यात वानी हळद बांदनार.

मंग मास्तर म्हनले, "मला पण न्या. मी तिथं बसून एकएक सांगत राहीन. पगार नको."

"जागा नाही," रावसाहेब म्हनले. "मंडळ माणसं ठेवत नाही. मंडळ फक्त यादीतली वस्तू ठेवतं."

मामा कोपऱ्यात पेटी भरत हुता. त्यो म्हनला, "मंग यादीत घाला की त्यास्नी."

मला वाटलं, आता हाकलत्यात आमाला. पर तिगांनी एकमेकांकडं बगितलं आन खरंच इचार कराय लागले. नाव हाय का? हाय. वेष्टन? वैद्यराजांनी मास्तरांच्या कोटाची शिवन तपासली, चालंल म्हनले. वाळवी? मास्तरांना तोंड उघडाय लावलं, कान बगितले. न्हाय. भांडन लागलं ते इषयावर. शास्त्रीबुवा म्हनले माज्या कपाटात, रावसाहेब म्हनले दोनशे वर्सांचं अक्षर म्हंजे माज्या. शेवटाला लिवलं: दोनशे एकोणीस, चनबसप्पा, संकीर्ण, कोटासह, कडा किंचित झिजलेल्या.

मास्तरांनी इचारलं, "सही कुठं करू?"

"वस्तू सही करत नाही," रावसाहेब म्हनले. "देणारा करतो."

मास्तरांनी माज्याकडं बगितलं. डोळं भरलेलं, पर माणूस खुशीत हुता रं, इतका खुशीत मी त्यांना कवा बगितलं नव्हतं. म्हनले, "कर सिदू. शुद्ध लिही." मी केली. पाचाच्या गाडीनं पेट्या गेल्या, आन पेट्यांच्या मदी डब्यात मास्तर, मांडीवर चोपडी, गाडी हालायच्या आदीच सुतळी सोडाय लागले हुते.

परवा कार्ड आलं. अकरा चोपड्या सुटल्या, लोनचं पयलं सोडवलं. शास्त्रीबुवा रोज भांडत्यात, पर मास्तर यादीत असल्यामुळं त्यांना भाईर काडता येत न्हाय. दोन येळचं जेवन मिळतं, खर्च देखभालीत दावत्यात.

दिवाळीला भेटाय जायचं म्हनतोय. पर तितं नेम हाय, अर्ज करावा लागतो, कशासाटी बगायचंय ते लिवावं लागतं. तेवडं जरा सांगा, तुमी दोगं श्यानी हायसा. मी काय लिवू?