चिमट्यांचं जहाज

“हरिभाऊ, आमी दह्याचं भांडं घिऊन खालनं चाललो हुतो, आन् वरनं हे आलं. बरूबर डोस्क्यावर.” बबनरावांनी दारातच एक ओला बनियन दोन बोटांत धरून वर केला. “तुमचाच नव्हं?”

हरिहर उठले नाहीत. उठण्याजोगी परिस्थितीच नव्हती. जेवणाच्या टेबलावर काहीतरी दोन्ही हातांनी गच्च दाबून धरून ते बसले होते आणि हात सोडला तर ते काहीतरी उडून पंख्याला लागेल, अशी त्यांची मुद्रा होती.

“दोरीवर एक चिमटा राहिलेला नाही, बबनराव,” आतून पद्माताईंनी खुलासा केला. “उशीचा अभ्रा सकाळीच समोरच्या बांधकामावर जाऊन बसलाय. तिथल्या वॉचमननं डोक्याला गुंडाळलाय. छान दिसतोय त्याला.”

“मग चिमटं गेलं कुटं, वहिनी?”

“जहाजाला लावलेत.”

बबनराव आत आले. हे मूळचे पिंपळे गुरवचे. ही सोसायटी उभी आहे तिथं त्यांच्या चुलत्याची ज्वारी असायची, आणि त्यांचंच म्हणणं, ती एवढी उंच व्हायची की कणसापर्यंत पोचायच्या आधी पाखरं मधल्या पानावर बसून दम खायची. अशा माणसाला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण टेबलावरचा प्रकार बघून त्यांनी दह्याचं भांडं खाली ठेवलं. हातभर लांबीचा लाकडी कणा, त्यावर आडव्या बसवलेल्या फासळ्या, डाव्या अंगाला चिकटवलेल्या बोटाहून अरुंद लाकडी पट्ट्या, आणि त्या सगळ्यांवर लाल, निळे, हिरवे चिमटे, साळिंदराच्या काट्यांसारखे उभे.

“हे जहाज व्हय? मला वाटलं मासा हाय. खाऊन झाल्याला.”

“होईल जहाज,” हरिहर म्हणाले. “फेव्हिकॉल वाळू दे.”

आता हरिहर कोण, ते सांगायला हवं. त्यांच्याबद्दल म्हणजे त्यांच्या उजव्या अंगठ्याबद्दल चाकणला ज्या गोष्टी सांगतात, त्यांतल्या निम्म्या खऱ्या आहेत. कुठल्या निम्म्या, ते विचारू नये. हरिहर तिथल्या एका कंपनीत तपासनीस होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसमधून निघायचे आणि त्यांच्यापुढे यायचे. गेज असायचं, व्हर्निअर असायचा, पण त्याआधी हरिहर नुसता अंगठा फिरवायचे. पत्र्यात केसाएवढी पायरी, म्हणजे उंचसखल, असली तरी अंगठा थबकायचा. एकदा म्हणे विलायतेहून एक भलंमोठं मापयंत्र आलं. यंत्र म्हणालं, पीस बरोबर आहे. अंगठा म्हणाला, नाही. शेवटी यंत्र दुरुस्तीला परत गेलं. कॅन्टीनच्या पोळीवर अंगठा फिरवून ती आज कुठल्या बाईनं लाटली, हे ते सांगायचे, असंही म्हणतात. बरोबर पिसाला पिवळा ठिपका, चुकलेल्याला लाल. लाल लागला की भंगार. मग प्रेसवर सुपरवायझर असो नाहीतर मालकाचा मेहुणा.

ते निवृत्त झाले तेव्हा केयूर नावाच्या तरुण इंजिनिअरनं सगळ्यांच्या वतीनं एक खोकं हातात ठेवलं. वर शिडं फुगवलेल्या जहाजाचं चित्र. आत लाकडाचे तुकडे आणि सरळसोट पट्ट्यांचा जुडगा. “सर, आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासलंत,” केयूर म्हणाला. “आता स्वतः करा. आम्ही येतो तपासायला!”

सगळे हसले. हरिहरही हसले. पण कंपनीच्या बसमधून घरी येईपर्यंत ते वाक्य आंब्याच्या कोईच्या धाग्यासारखं दातात अडकून राहिलं. खरंच की. इतक्या वर्षांत आपण बनवलं काय? ठिपके.

तरी खोकं माळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलंही असतं. ते खाली आलं एका चहामुळं. त्या दिवशी बशीत कप वाजला. हरिहरांनी कप खाली ठेवला, परत उचलला. परत वाजला. चिंचवडच्या डॉक्टरांनी हात पुढं करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला. गोल आला तो चुरमुऱ्यासारखा. गोळ्यांनी थोडं थांबेल, म्हणाले, पण हळूहळू वाढणारच.

पद्माताईंनी कपबशा फडताळात ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून चहा कपबशीऐवजी स्टीलच्या पेल्यातून येऊ लागला, एवढंच. पेला अर्धा भरलेला. आणि हरिहरांनी माळ्यावरून खोकं काढलं.

“डोलकाठ्या, शिडं, दोरखंड नाही झाले तरी चालतील,” ते म्हणाले. “पण अंगावरच्या पट्ट्या सगळ्या लावायच्या. माझ्या हातानं. हात आहे तोवर.”

“चिमटे लागतील का?” पद्माताईंनी विचारलं.

अशी सुरुवात झाली. आणि सुरुवातीलाच हरिहरांनी अशी चूक केली की तसली चूक चाकणच्याच माणसानं करावी.

कारखान्यात एक नियम असतो: मशीनचं सेटिंग एकदा लावलं की सगळा लॉट काढून मोकळं व्हायचं. सेटिंग सारखं बदललं की वेळ जातो. हरिहरांनी सगळ्या पट्ट्या एका मापाच्या तासल्या, व्हर्निअरनं तपासल्या, नापास झालेल्या बाजूला काढल्या. मग डाव्या बाजूचं सेटिंग लावलं आणि आख्खी डावी बाजू भरायला घेतली. उजवी नंतर. खोक्यातल्या पत्रकात चित्रं होती आणि एकाआड एक दोन्ही बाजू काढलेल्या होत्या. पण मजकूर कुठल्या भाषेत होता देव जाणे, आणि चित्रकारानं शोभेसाठी काढलं असेल, असं हरिहरांना वाटलं.

बनियन डोक्यावर पडल्यावर चार-सहा दिवसांनी बबनराव परत आले तेव्हा डावी बाजू पुरी होत आली होती. हरिहरांनी चिमटे काढले, जहाज उलटं करून टेबलाच्या काचेवर टेकवलं. आणि काच वाजायला लागली. टक, टक, टक.

पद्माताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. त्यांना तो आवाज ओळखीचा होता, बशीतल्या कपाचा. हरिहरांचा चेहरा उतरला. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला. टक, टक. मग त्यांनी दोन्ही हात उचलून पाठीमागं नेले.

काच वाजतच होती.

“अगं, हात नाही!” हरिहर ओरडले. “हात नाहीये पद्मा, जहाज डुलतंय!”

बबनराव खाली वाकले, एक डोळा मिटून त्यांनी काचेच्या बरोबरीनं नजर लावली. “डुलंल न्हाई तर काय? येका अंगाला वढलंय समदं. केळं झालंय केळं. हे जर पवनेत सोडलं, हरिभाऊ, तर गोल फिरून पुलापाशीच माघारी येईल.”

हरिहर हसत सुटले. जहाज वाकडं झाल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. बबनरावांना काही कळेना; त्यांना कंपाची गोष्ट माहीत नव्हती. पद्माताई मात्र आत वळल्या, आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.

गरम पाण्याच्या फडक्यानं गोंद सैल करून हरिहरांनी डावी बाजू सोलून काढली. पुन्हा पहिल्यापासून. आता एक पट्टी डावीला, एक उजवीला. आणि मग ती गंमत त्यांच्या ध्यानात यायला लागली, जिच्यापुढं सगळा कारखाना फिका पडला.

पट्ट्या सगळ्या फूटपट्टीसारख्या सरळ. जहाज मात्र कुठंच सरळ नाही. पोटाशी फुगलेलं, नाकाशी निमुळतं, शेपटाशी वर उचललेलं. एका मापाची पट्टी तिथं बसेचना. पुढं एकमेकींवर चढत, मागं फटी पडत. प्रत्येकीला आपल्या जागेपुरतं तासावं लागे. डावीकडच्या पट्टीला उजवीकडं जोडीदार होती, तिचं आरशातलं रूप. त्या दोघी सोडल्या तर आख्ख्या जहाजात दुसरी तशी नाही. ज्या माणसानं जन्मभर एकासारखा दुसरा नाही म्हणून लाल ठिपका लावला, तो चष्मा कपाळावर सारून बघत बसायचा. वेगवेगळ्या आहेत म्हणून तर मिळून एक आकार होतोय! हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?

पट्टी परातीत गरम पाण्यात भिजवायची आणि भात झाला की कुकरच्या गरम पोटाला हलकेच लावून धरायची. कडक, आडमुठी पट्टी कुठल्याशा क्षणी मऊ पडायची. हाताला ते आधी कळायचं, डोळ्याला मागून. मग ती नाकाला वळसा घालून, जणू हीच वाट पूर्वी चाललेली असावी तशी, फासळ्यांवरून निघून जायची. काही पट्ट्यांना वरणाचा वास लागला, पण त्याला इलाज नव्हता.

“अहो, मागं त्रिकोणी फट राहतेय ना,” पद्माताई एकदा म्हणाल्या, “तिथं कळी घाला. परकराला घालतो तशी.”

“जहाजाला परकर नेसवू?”

“घेर तर तसाच आहे.”

हरिहरांनी कळी घातली. फट बुजली. ते पुन्हा चष्मा कपाळावर सारून बघत बसले.

इकडं बबनरावांनी आपलं काम चोख केलं. त्यांनी कट्ट्यावर सांगितलं की हरिभाऊ होडी करतायत. भाजीवाल्यापर्यंत तिची लाँच झाली. पुढं सांगवीला बातमी पोचली तेव्हा तिला इंजिन बसलं होतं, आणि परत आली तेव्हा पद्माताईंना लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं की लोणावळ्यापर्यंत तिकीट किती ठेवणार.

पण हात वाढत होता. म्हणजे हाताचं ते थरथरणं. आधी पट्ट्या अडकवायच्या टाचण्या बोटांतून सुटायला लागल्या, मग चिमटा उघडून पट्टीवर नेईपर्यंत भलतीकडंच बसायचा. रोज एकच जोडी लागे, मग एकच पट्टी. हरिहर सकाळची गोळी घेऊन हात बरा असेल तेवढ्या वेळात काम करत आणि बाकीचा दिवस राहिलेल्या फटीकडं बघत.

शेवटी उजव्या कुशीत एकच फट उरली. हरिहरांनी तिच्यावर कागद धरून पेन्सिल घासली, तिचा ठसा घेतला, त्याबरहुकूम पट्टी तासली. तासायला तीन सकाळी गेल्या. पट्टी बसली, पण बसून राहीना. आजवरच्या पट्ट्यांना एक कड मोकळी होती, चिमटा तिला धरायचा. हिच्या दोन्ही बाजूंना जहाज झालेलं. चिमट्याला धरायला जागाच नाही. गोंद आवळेपर्यंत बोटांनी दाबून धरायची, आणि बोटं हलू द्यायची नाहीत.

बोटं हलली. पट्टी सरकली. हरिहरांनी पुसून पुन्हा गोंद लावला. पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी टेबलावर टाकली आणि हात मांडीखाली घालून बसले, शाळेत मुलं शिक्षा म्हणून बसतात तसे.

“केयूरला सांग, नापास,” ते म्हणाले.

पद्माताईंनी कणकेचे हात धुतले, पदराला पुसले. शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पट्टीला गोंद लावून ती फटीत ठेवली.

“तू नको. मी म्हटलं होतं, सगळ्या माझ्या हातानं.”

“तुमच्याच हातानं. आणा इकडं.”

त्यांनी मांडीखालचा तो हात काढला, पट्टीवर ठेवला आणि आपला तळवा वरून दाबून धरला. तळव्याखाली हात थरथरत राहिला, ओंजळीत पाखरू धरलं की थरथरतं तसा. त्यांनी जोर वाढवला नाही, कमीही केला नाही. गॅसवरची कढी उतू गेली, तिचा वास आला, कुणी उठलं नाही. हळूहळू लाकडानं लाकडाला धरलं.

दुसऱ्या दिवशी दहीवाल्याकडून येताना बबनराव वर आले. जहाज घासून पुसून टेबलावर ठेवलं होतं. फासळ्या आता कुठंच दिसत नव्हत्या. खिडकीतून येणारं ऊन नाकापासून शेपटापर्यंत मध्ये न अडखळता वाहत गेलं होतं. बबनरावांनी तोंड उघडलं. काहीतरी ज्वारीएवढं उंच बोलायचं त्यांच्या मनात असणार. पण त्यांनी ते मिटलं, टोपी काढून काखेत धरली.

“हात लावू का?” एवढंच विचारलं.

“लावा.”

बबनरावांनी लावला नाही. “न्हाई. तुमीच लावा आधी.”

हरिहरांनी अंगठा नाकापाशी टेकवला आणि मागं नेला. अंगठा थरथरत होता, पण वाट सोडत नव्हता. पोटाच्या फुगवट्यावरून, कळीवरून, आणि उजव्या कुशीत येऊन थबकला. शेवटची पट्टी. केसाएवढी पायरी होती. अंगठ्याला ती कळली. एवढं अजून कळत होतं. हरिहर तिथंच थांबले.

पद्माताई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. नवी गाडी आली तरी लावतात, मग हे तर घरात झालेलं. त्यांनी कुंकवाकडं बोट नेलं.

“थांब,” हरिहर म्हणाले. “लाल नको.”

पद्माताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग हळदीची बाजू पुढं केली. “घ्या. तुम्हीच लावा.”

“माझा गोल येणार नाही.”

“नाही आला तर?”

हरिहरांनी बोट हळदीत बुडवलं आणि त्या पायरीवरच टेकवलं. ठिपका लांबट आला, कडेला थोडा फिसकटलेला. बबनरावांनी मान तिरकी करून तो नीट पाहिला आणि काखेतली टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

पद्माताई टेबलावरचे चिमटे ओच्यात गोळा करून बाल्कनीत गेल्या आणि दोरीवर हरिहरांचा बनियन वाळत घातला.