आबांना सगळं ठाऊक होतं

"आबा, एखादं सोपं उदाहरण सांगा ना," सायली पुस्तक मांडीवर पालथं घालत म्हणाली. "नाट्यात्म उपरोध. म्हंजी शोकांतिकेत प्रेक्षकांना सगळं ठाऊक असतं, पण ज्याच्यावर बेतलंय त्यालाच न्हाई."

केंदूरच्या नाटक मंडळीत सावळाराम आबांनी तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं होतं. जत्रेत, तळेगावात, पार दौंडपर्यंत. त्यामुळं शिरूरला बी.ए. करणारी नात अडलं की त्यांनाच विचारी.

आबा म्हणाले, "एक म्हातारा असतो. त्याच्या मानंला गाठ येती. डाक्टर सुई टोचून तपासायला धाडतो. घरचे म्हणत्यात, साधी गाठ हाय. पण दुसऱ्या दिवसापासनं घरात कुणी भांडतच न्हाई. जन्मभर वसकन अंगावर येणारी बायको 'दोन घास खाता का' म्हणती. ल्योक न सांगता पेरू आणतो."

सायलीचं पेन थांबलं. "आबा... कवा कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिशी. आजीला बोलू नगंस. मला ठावं न्हाई, ह्येवढ्याच आधारावर उभी हाय ती."

सायली मुसमुसू लागली. आज रिपोर्ट येणार आहे, बाबा तोच आणायला शिरूरला गेलेत, असं तिनं सांगून टाकलं. आबांना तेही कळलं होतं. उसाला पाणी द्यायला जातो म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून कोण निघतं? ते वरवर हसले. पण हात मात्र नकळत मानेकडे गेला. आठ दिवस गोठ्यात एकटे असले की ते गाठ चाचपून बघत, कालच्यापेक्षा मोठी तर नाही ना.

तेवढ्यात फोन वाजला. "हां बाबा," म्हणून सायली ऐकत राहिली आणि आबांच्या कानाशी लागून म्हणाली, "कॅन्सर न्हाई, आबा! चरबीची गाठ हाय!"

आबांनी खांबाला धरलं. सायली आत धावली.

थोड्या वेळानं आजी, अनसाबाई, बाहेर आल्या. डोळे कोरडे करूनच आल्या होत्या.

"आपल्या दत्ताचा फोन आल्ता. तुमची गाठ साधीच निघाली."

"साधीच हाय म्हणली व्हतीस की तू. मग त्यात इशेष काय?"

दारात सायलीनं श्वास रोखला.

"इशेष काय न्हाई," म्हणत अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुपारी मेथी निवडता निवडता त्यांना भिंतीला टेकूनच झोप लागली. आठ दिवसांनी लागलेली, तोंड उघडं टाकून घोरणारी झोप. आबांनी आवाज न करता परात आपल्याकडं ओढली आणि पानं खुडू लागले. काड्या बऱ्याच राहत होत्या.