माझी मालकीण दहावीत आहे

मी खुशबूची बकरी बोलतेय. खरं तर खुशबूची होते. आत्ता सानगडीच्या बाजारात भैय्यालाल व्यापाऱ्याच्या खुंट्याला बांधलेली आहे. टेम्पो भरायला अजून दोन बकऱ्या कमी आहेत. तेवढाच वेळ माझा.

जन्म एकोडीचा. माझी आई रुखमाकाकूंची, पण ती रिताबाईंकडे बटईवर होती. म्हणजे बकरी एकीची, पोसायची दुसरीने, आणि पिल्लं दोघींत वाटून घ्यायची. आम्ही दोघं जन्मलो. बोकडाला भाव जास्त म्हणून रुखमाकाकूंनी माझा भाऊ नेला. मी उरले. रिताबाईंनी मला लेकीला, सातवीतल्या खुशबूला दिलं.

रिताबाई अर्थशास्त्रात बी.ए. आहेत, पण एटीएमचा नंबर अजून नवऱ्याला फोन करून विचारतात. लेकीचं असं होऊ नये, ही त्यांची धास्ती. म्हणून मला खुशबूच्या हाती देताना त्यांनी छोटं भाषणच केलं.

"हे आजपासून तुई. इच्या चाऱ्यापान्याचा खर्च तुया, इचा पैसाही तुया. मी मधात बोलनार नाही. फक्त हिशेबात लाड नाही करायचे."

बोलून गेल्या खऱ्या. मग वरठीच्या कारखान्यात असलेल्या नवऱ्याला फोन लावला. "म्या जास्त तं नाही ना बोलली?"

तिकडून प्रफुल्लभाऊ हसले. "परीक्षा पोरीची आहे का तुई?"

पोरीने मात्र तो धडा मनावर घेतला. शाळेतून आली की आधी मला बांधावर चारायची, मग स्वतः जेवायची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की बकऱ्यांचे भाव चढतात. माणसांच्या सणांचा आम्हाला धसकाच. माझ्या पहिल्या वेताचे दोन्ही बोकड खुशबूने बरोबर मंडईच्या तोंडावर विकले. पैशातले थोडे माझ्या सरकीच्या ढेपेला ठेवले, बाकीचे बँकेत टाकले. तिची मैत्रीण शालू हप्त्यावर मोबाइल घेऊन मिरवत होती. म्हणाली, "तुई बकरी तुले रील दाखवते का वं?"

"नाही. पन हप्ताही मागत नाही," खुशबू म्हणाली.

रिताबाईंनी हे उत्तर आळीभर सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा असा फुले, जशी मी हिरव्या चाऱ्याने फुगते.

रात्री मात्र त्या लेकीच्या मालमत्तेचे लाड करायच्या. उरलेल्या भाकरीचा तुकडा खुशबूच्या नकळत मला चारायच्या. हिशेबात धरलेला नाही असा एवढाच माझा खुराक.

यंदा तिसऱ्या वेताला माझ्या सडाला गाठ आली. दूध उतरलं नाही. पिल्लं जगली नाहीत. डॉक्टरांनी दोनदा औषध दिलं आणि मान हलवली. खुशबू माझ्याजवळ बसून राहिली. दोन दिवसांनी आईला म्हणाली, "आई, इच्यावर आता खर्चच आहे. मंडईच्या आधी विकली तं भाव भेटन."

रिताबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "अवं पन... आपली आहे ना ते."

"तूच म्हनलीस ना, हिशेबात लाड नाही."

रिताबाईंनी सूप खाली ठेवलं. नको म्हणणं सोपं होतं. पण आत्ता नको म्हटलं, तर ही बकरी पोरीची कधी नव्हतीच. इतकी वर्षं नुसता खेळ झाला. हे त्यांना कळत होतं, म्हणून तर डोळे भरत होते.

आज बाजारात भैय्यालालने भाव सांगितला, तशी रिताबाईंनी कमरेची पिशवी सोडली.

"तेवढे मी देतो. मले दे."

खुशबूने आईकडे पाहिलं. "हे कायचे पैसे होत?"

"असेच."

"आई, खरं सांग."

"...गॅसचे. न् तुया बोर्डाच्या फीचे."

"मंग नाही विकत तुले." पोरीचा आवाज मुळीच चढला नाही. "दुसऱ्या कामाचे पैसे कायले मोडतं?"

भैय्यालाल हसून म्हणाला, "वा बाई! पोरगी तं आमच्या धंद्यात पायजे." रिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी पुन्हा खोचली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

मी खुशबूवर रागावलेली नाही. मी असले हिशेब करू शकत नाही. तिने केला तो बरोबर असेल. पण मी तिची बोटं पाहत होते. भैय्यालालने दिलेल्या नोटा तिने मोजल्या. पुन्हा मोजल्या. पुन्हा. तो वैतागला, "अवं बेटा, नकली नाहीत त्या!" तरी तिने मान वर केली नाही. मान वर केली असती, तर मी समोरच होते.

आता त्या दोघी बाजाराच्या तोंडाशी पोचल्या आहेत. आई पुढे, लेक मागे. मध्ये चार हातांचं अंतर.

रिताबाई, तुम्ही चुकीचं शिकवलं नाही. ती शंका आता सोडा. पण घरी गेल्यावर तिला पैसे कुठे ठेवले ते विचारू नका. ती चाऱ्याची टोपली उचलेल, मग तिला आठवेल आणि ती तिथेच उभी राहील. तेव्हा तिच्याजवळ जा. हिशेब बरोबर आला तरी रडता येतं, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्या दोन बकऱ्या आल्या. टेम्पोचा फाळका पडला. येते मी.