खांबावरचा कोरडा नळ

मी गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पितळी नळ बोलतोय. हंडा भरता भरता ऐकलंत तरी चालेल.

माझा जन्म भट्टीतला, पण बालपण गेलं पंचवटीत, सहादूशेठच्या नळ-पाइपांच्या दुकानात. सहादूशेठ फार गोड बोलायचा. गळकी तोटी घेऊनही गिऱ्हाईक त्याचेच आभार मानून जाई. लोक म्हणाले, "शेठ, तुम्ही निवडणुकीला उभे राहा." चौऱ्याहत्तर साली तो उभा राहिला, आणि त्यानं मलाही उभं केलं, सिमेंटच्या खांबावर.

मला हार घातला. नारळ फोडून शेठ म्हणाला, "निवडून आलो की बारा महिने पाणी." तोटी फिरवली तशी धार लागली. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं. शेठची बायको चंद्रभागा, तिनं पहिला तांब्या भरून महादेवाला घातला. फोटो निघाला आणि मी आटलो. खांबामागं पिंप होतं, पिंपाला रबरी नळी. जमिनीखाली पाइप नव्हताच.

सहादूशेठ नगरसेवक झाला. दारी जीप आली. दर सव्वीस जानेवारीला माझ्या खांबाला चुना लागायचा. पाणी तेवढं येईना.

पिंपाची गोष्ट शेजारच्या नवसाबाईनं चंद्रभागाबाईला सांगितली. तिनं नवऱ्याला माझ्यासमोरच गाठलं.

"अहो, पाइप कधी घालताय?"

"अगं, निवडणुकीत तसं बोलायचं असतं."

"नारळ फोडून बोललात. नवस झाला तो."

"नवस कुठला? मी आश्वासन दिलं."

"दोन्ही तोंडानंच देतात ना? मग फेडा. तोवर घरच्या नळाचं पाणी मी पिणार नाही, नि त्यात स्वयंपाकही करणार नाही."

आणि ती खरंच हंडा घेऊन पलीकडच्या आळीत रांगेला लागली. नवसाबाई चिडवायची, "नगरसेवकीणबाई, पुढं या की." ती म्हणायची, "नको गं, माझा नंबर येईल."

वर्षं गेली. पुढची निवडणूक आली. तिकीट देणारे भाऊसाहेब शेठकडं चहाला आले, तर चंद्रभागाबाई हंडा उचलून निघाली. "बसा हं. पाणी आणते नि चहा टाकते. रांग मोठी असते."

"वहिनी, हा घरात नळ आहे की."

"तो आमचा, भाऊसाहेब. लोकांचा बाहेर आहे, कोरडा."

भाऊसाहेब शेठकडं वळले. "शेठ, वहिनींचं मत तरी तुम्हाला पडेल का?"

पंधरवड्यात गल्ली खोदली गेली. इतक्या वर्षांच्या सरकारी अडचणी त्या न झालेल्या चहात विरघळल्या.

माझ्यातून पाणी आलं तेव्हा चंद्रभागाबाई डोळे मिटून ओंजळभर प्याली. मग दुसरी ओंजळ नवऱ्यापुढं धरून म्हणाली, "घ्या. फिटला तुमचा नवस." शेठनं लगेच खांबावर स्वतःच्या अथक प्रयत्नांची पाटी ठोकली. तिनं पाटीखालीच हंडा लावला. पाणी तर खरं होतं.

शेठ अजून भाषणं करतो. आश्वासन देण्याआधी बायकांच्या घोळक्यात नजर टाकतो. चंद्रभागाबाई दिसली की नुसता नमस्कार करून खाली बसतो.

मी आता झिजलोय, रात्रंदिवस ठिबकतो. मायबायांनो, मला हार पुष्कळ मिळाले. एखादा वायसर टाकायचं तेवढं कुणीतरी मनावर घ्या.